उंबऱ्यावरची बंदूक

"रिवाज पाळतोय ना मी? मग कुणी पुढं का येत नाही, बाबा?"

कॅप्टन यावरने विचारलं. नूरशहा फकीर दर्ग्याच्या पायरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्या डोंगरी खोऱ्याचा रिवाज जुना. नव्या राखणदाराने आपलं हत्यार दर्ग्याच्या उंबऱ्यावर ठेवायचं, आणि गावातल्या कुणीतरी ते उचलून त्याच्या हाती द्यायचं. तेव्हा कुठे तो गावाचा राखणदार. यावरची नवीकोरी परदेशी बंदूक सकाळपासून उंबऱ्यावर पडून होती. अख्खं गाव अंगणात मुकाट बसलं होतं, आणि कडक इस्त्रीतला साहेब उन्हात उभा राहून पार सुकला होता बिचारा.

"पूर्वी इथं काठ्या घेऊन पहारा व्हायचा, बाबा. मी परदेशात शिकून आलो. तिथल्या सरकारनं आपल्याला रस्ता दिला, वायरलेस दिला, ही बंदूक दिली, दवाखाना बांधून दिला..."

"दवाखाना चांगलाय," फकीर म्हणाले. "परवा तिथंच पाहिलं सगळ्यांना. चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या."

परवा बाजारात लोक धान्यासाठी ओरडत होते, आणि यावरच्या तुकडीने गोळ्या झाडल्या होत्या.

"जमाव अंगावर आला की काय करायचं, ते शिकवलंय आम्हाला. शिकवलं तसंच केलं."

"जमाव..." फकिरांनी वात खाली ठेवली. "त्यात हसनचाचा होता. तुला पोहायला त्यानंच शिकवलं होतं."

बंदूक आपणच उचलावी आणि चालतं व्हावं, असं यावरच्या मनात आलं. पण मग याच गावात राखणदार म्हणून कुठल्या तोंडाने फिरायचं?

बायकांत त्याची आई बसली होती.

"अम्मी, तू तरी उचल."

म्हातारी उठली. उंबऱ्यापाशी आली, वाकली. यावरने हात पुढे केला...

ओढणीचं टोक बंदुकीला लागू नये म्हणून तिने ते सावरून घेतलं, उंबरा ओलांडला आणि आत गेलेल्या हसनसाठी दुआ मागायला बसली.

यावरचा हात तसाच पुढे राहिला. त्याला रडू येत होतं, आणि एवढ्या शिक्षणात ते कुणी शिकवलं नव्हतं.

"आता काय करू, बाबा?"

फकिरांनी नवा कापूस घेतला.

"ज्यांनी दिलीय, त्यांना बोलावून घे. ते देतील उचलून."