सिदोजीने अर्धाच वाचलेला निकाल

नदीकाठच्या उतारपेठ गावात सिदोजी नावाचा एक दवंडीवाला राहत होता. आवाज असा खणखणीत, की त्याने घाटावर हाक दिली तर पलीकडच्या तीरावर कपडे धुणारी माणसं मान वर करून बघत. सरकारी हुकूम गावभर वाचून दाखवणं हे त्याचं काम. पण बैल हरवला, बाजाराचा वार बदलला, असल्या दवंडीला कोण थांबतं? सिदोजीला मनातून फार वाटे, की एकदा तरी सारं गाव आपल्या तोंडाकडे टक लावून उभं राहावं.

आणि तसा दिवस उगवला.

गावात एक खटला चालू होता. नाव चालवणाऱ्या गोजराच्या हातून हैबती पैलवान मेला होता. हैबती म्हणजे गावाची शान. त्याने राजधानीच्या आखाड्यातून चांदीची गदा जिंकून आणली होती. पण त्या दिवशी तो कुस्ती हरला, भांग प्याला आणि एकटाच गोजराच्या नावेत येऊन बसला. भर धारेत म्हणू लागला, नाव मागे फिरव. पाण्याला ओढ आहे, फिरवली तर दोघंही बुडू, असं गोजराने सांगितलं. पुढे नावेत काय घडलं ते त्या दोघांनाच ठाऊक. गोजरा म्हणाली, "त्यानं माझा गळा आवळला. डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा मी वल्हं मारलं." हैबती काही सांगायला उरला नव्हता.

गावाचे दोन तट पडले. कोष्टीपेठेतल्या बायका रोज गोजराच्या नावेतून सूत घेऊन पलीकडे जात. त्या म्हणत, "मग काय तिनं मुकाट मरायचं होतं?" तालीम चौकातले पैलवान म्हणत, "एवढा गडी एका बाईच्या फटक्यानं मरतो होय? यात काहीतरी काळंबेरं आहे." पाणवठ्यावर, देवळात, न्हाव्यासमोर बसलं तरी तोच विषय. सख्खे भाऊ एका पंगतीला बसेनात.

अखेर निकाल लागला. न्यायाधीशांनी कागद सिदोजीच्या हाती दिला आणि बजावलं, "पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाच. पदरचं काही घालू नकोस."

सिदोजी आधी कोष्टीपेठेत गेला. काय ती गर्दी! ओट्यांवर माणसं, माळवदांवर माणसं, झाडांच्या फांद्यांवर माणसं. सिदोजीची हलगी थांबली तशी सगळी पेठ श्वास रोखून उभी राहिली. त्याने कागद उघडला. "गोजरा निर्दोष आहे! तिने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी वार केला!"

एकच जल्लोष उसळला. कुणी गुलाल उधळला, कुणी थाळ्या बडवल्या. दोघांनी सिदोजीला खांद्यावरच घेतलं. निकाल अजून बराच उरला होता. त्याने पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं, पण ऐकतंय कोण? आणि खरं सांगायचं तर खांद्यावरून उतरायची त्यालाही घाई नव्हती. त्याने कागदाची घडी घातली आणि मनचंच ठोकून दिलं, "गोजरा जिंकली! पैलवानाची मस्ती जिरली!" पेठ वेडी झाली.

तिथून तो तालीम चौकात गेला. तिथे पैलवान हाताची घडी घालून उभे होते. सिदोजीला प्रश्न पडला. या लोकांना रुचेल असं काय सांगावं? त्याने चेहरा पाडला, आवाज खाली आणला. "काय सांगू मंडळी? मारणारी सुटली."

"सुटली?" एक पैलवान गरजला.

"सुटली. आणि तिकडे कोष्टीपेठेत गुलाल उधळताहेत."

झालं! ठिणगी पडावी तसा चौक भडकला. "हैबतीला न्याय मिळालाच पाहिजे!" आरोळ्यांनी भिंती हादरल्या. सिदोजीच्या अंगावर रोमांच उभे राहिले. आपल्या एका शब्दावर एवढी माणसं उठतात! असा मान त्याला जन्मात मिळाला नव्हता.

दुपारी दोन जमाव घाटाकडे निघाले. एक गोजराला हार घालायला, दुसरा तिची नाव फोडायला. पुढची मजा चुकू नये म्हणून सिदोजी दोघांच्या आधी धावत घाटावर पोचला.

घाटाच्या पायरीवर गोजरा बसली होती. तिच्याशेजारी एक म्हातारी होती. ती हैबतीची आई, भिवराबाई. ती एकटीच चालत आली होती. तिला गोजराला काहीतरी विचारायचं होतं, पण ती नुसतं पदराचं टोक पिळत होती.

तेवढ्यात दोन्ही बाजूंनी लोंढे येऊन भिडले. शिव्या सुरू झाल्या, काठ्या वर झाल्या. एक दगड भिरभिरत आला. कुणी मारला कुणास ठाऊक, पण तो लागला भिवराबाईच्या कपाळाला. गोजराने झटकन तिला पाठीशी घातलं.

"हैबतीच्या आईला मारलं!" पैलवानांकडून ओरडा झाला.

"तुमच्याच माणसानं मारलं!" कोष्टीपेठेकडून उत्तर आलं.

हे सगळं आपल्या जिभेने पेटवलं, हे सिदोजीला कळलं. दुसऱ्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मागची बोळ मोकळी होती, गुपचूप निसटता आलं असतं. त्याने बोळीकडे एक पाऊल टाकलंही. मग म्हातारीच्या भुवईवरून ओघळणारं रक्त त्याला दिसलं आणि तो मागे वळला. काठावरच्या पालथ्या नावेवर चढून त्याने जीव खाऊन हलगी बडवली.

"थांबा! मी निकाल पुरता वाचलाच नाही! कोष्टीपेठेत 'जिंकली' म्हणालो, चौकात 'मारणारी सुटली' म्हणालो. यातला एकही शब्द कागदात नाही. ते माझ्या पदरचे. मला मारायचं तर मारा, पण आधी हे ऐका!"

एका पैलवानाने त्याचा पाय धरून ओढला. तेवढ्यात तालमीचे म्हातारे वस्ताद पुढे आले. "सोड त्याला. वाचू दे. मग बघू याच्याकडे."

सिदोजी वाचू लागला. "गोजराच्या गळ्यावर बोटांचे वळ होते, ते वैद्याने पाहिले. तिने एकच वार केला. हैबती पाण्यात पडताच तिने उडी घेतली, त्याला काठावर ओढून आणलं आणि मदतीसाठी हाका मारल्या. पलीकडच्या तीरावरच्या परटाने हे डोळ्यांनी पाहिलं. म्हणून ती निर्दोष आहे. पण एक माणूस गेला आहे, तेव्हा या निकालाचा कोणी उत्सव करू नये. मयताच्या घरच्यांना कोणी बोल लावू नये. ज्याला निकाल मान्य नसेल त्याने राजाकडे दाद मागावी, हात उचलू नये."

गुलालाने माखलेले हात बायकांनी पदराखाली घेतले.

"तिनं उडी घेतली होती?" एक पैलवान पुटपुटला. "आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही."

"मी सांगायला हवं होतं," सिदोजी म्हणाला. "पण तुम्ही ओरडलात आणि मला ते गोड लागलं."

वस्तादांनी हातातली काठी जमिनीवर ठेवली. "मला निकाल अजूनही पटलेला नाही. उद्या मी राजाकडे जाणार. पण आज या नावेला कुणी बोट लावायचं नाही." एकेक काठी खाली आली.

आता भिवराबाईने गोजराकडे वळून विचारलं. "पोरी, शेवटी तो काही बोलला का गं? आई म्हणाला का?"

सारा घाट कान देऊन उभा होता. हो म्हणायला गोजराला काहीच कठीण नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही मावशी. खोटं कसं सांगू? त्यानं पाणी मागितलं. मी ओंजळीनं पाजलं. तेवढंच."

भिवराबाईने गोजराचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "पाणी मिळालं ना त्याला," ती म्हणाली. "बरं झालं, बाई."

तात्पर्य: निकाल पुरता ऐकल्यावाचून आनंदाने नाचू नये आणि रागाने हातही उचलू नये, आणि ज्याच्या तोंडाकडे गाव बघतं, त्याने लोकांना आवडेल तेवढंच नव्हे, तर जेवढं खरं आहे तेवढं सगळं सांगावं.