रुसलेली रिकामी नळी

लेक रेवा तहान लागली तरी शाळेत बाईंना सांगत नाही, या काळजीने मृण्मयीचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी रेवाची वेणी घालताना तिने एक गोष्ट जुळवून सांगितली.

“फार वर्षांपूर्वी एका मोटारीत इंजिन आणि ब्रेक यांना जोडणारी रबरी नळी राहायची. इंजिन तिच्यातली हवा ओढून घ्यायचं. पेट्रोलची नळी चिडवायची, ‘तू तर रिकामीच बाई!’ एकदा रिकामी नळी कुणाला काही न सांगता रुसून निसटली, तेही घाटाच्या उतारावर. ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. पेट्रोलची नळी ओरडली, ‘ताई, ये गं! तुझ्या पोकळीच्या ओढीनेच ब्रेक हलका होतो!’ रिकामी नळी परत जाऊन बसली आणि गाडी थांबली.”

न बोलता रुसलेल्या नळीचीच मनधरणी झाली; आपण गप्प बसण्याचंच कौतुक केलं की काय, असं मृण्मयीला वाटलं.

रेवा म्हणाली, “वेडीच आहे! रुसलेय हे घाटाआधीच सांगायचं ना तिने!”