बिनदाराची खोली

फार जुन्या काळी एका रुंद नदीच्या काठी नावा बांधणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावात दोन भाऊ राहत. आईबाप लवकर गेलेले, त्यामुळे धाकट्याला थोरल्यानेच वाढवलं होतं.

थोरला दिवसभर चारचौघांसारख्याच नावा बांधी. पण काम सुटलं की तो हातपाय धुऊन काठावर बसे, खळ दिलेलं कापड मांडीवर पसरी आणि काजळाच्या शाईने नावांचे नकाशे काढी. त्या नावा नदीत चालणाऱ्या नव्हत्या. त्या आभाळात जाणाऱ्या होत्या, चांदण्यांच्याही पलीकडे.

मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, इथे नीट ऐका, कारण त्या गावाने ऐकलं नाही. ती मनाला येईल तशी काढलेली चित्रं नव्हती. फळी किती बोटं जाड, खिळे किती, ते कुठे मारायचे, सगळं लिहिलेलं असे. सात माणसं तीन वर्षांच्या प्रवासाला निघणार, तर पाण्याचे रांजण किती, चूल कुठे, धूर कुठून जाणार, शौचाला कुठे बसायचं, तेसुद्धा. एकदा त्याच्या लक्षात आलं की सुकाणू धरणाऱ्याचे गुडघे चुलीला लागतील. त्याने महिनाभराचं काम बाजूला टाकलं आणि नवं कापड घेतलं. जी नाव कधी बांधलीच जाणार नव्हती, तिच्यात बसणाऱ्याचे गुडघे भाजू नयेत म्हणून!

लोक येताजाता हसत.

"काय रे, चंद्रावर नाव लावायचा धक्का कोणत्या बाजूला?"

"धक्का नाही," थोरला मान वर न करता म्हणे. "म्हणून तर खाली चार पाय काढलेत."

लोक आणखी हसत आणि पुढे जात. अशी अकरा वर्षं हसले. कापडं चाळीस झाली. एकानेही कधी वाकून पाहिलं नाही.

मग थोरला तीन दिवसांच्या तापात गेला.

त्या गावात एक रीत होती. नाव बांधणारा वारला की त्याने काढलेले पण न बांधलेले नकाशे दहाव्या दिवशी काठावर जाळायचे. मागे कधीतरी एकाने मेलेल्या कारागिराच्या नकाशावरून नाव बांधली होती. त्यातली एक रेघ त्याला कळली नाही आणि विचारायला माणूस उरला नव्हता. ती नाव भर नदीत उलटली, बावीस माणसं बुडाली. तेव्हापासूनची ही रीत. रीत वाईट नव्हती. पण रीत पाळणारे डोकं घरी ठेवून आले, तर चांगल्या रीतीनेही माणसाचा गळा दाबता येतो.

दहाव्या दिवशी पाच पंच पेटती चूड घेऊन आले. पुढे गावाचा मुख्य सुतार होता. धाकटा कापडांच्या गठ्ठ्यावर मांडी ठोकून बसला होता.

"ऊठ पोरा. रीत आहे," मुख्य सुतार म्हणाला.

"माणसं बुडू नयेत म्हणून रीत आहे. या नावांत कोण बसणार आहे, काका?"

"कुणीच नाही. म्हणून तर म्हणतो, कचरा आहे. ऊठ."

"कचरा जाळायला पाच पंच लागतात होय? माझ्या घरचा केर तर मी एकटा जाळतो!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुख्य सुताराच्या कपाळाची शीर फुगली. "भाऊ जाऊन दहाच दिवस झालेत म्हणून ऐकून घेतोय. तोंड आवर."

"दहाच दिवस झालेत म्हणूनच बोलतोय! तो होता तेव्हा तोच मला गप्प करायचा. हसू दे त्यांना, म्हणायचा. आता कोण करणार मला गप्प?"

"हे बघ, नावेचा नकाशा आहे, तो जळणारच."

धाकट्याला एकदम काय सुचलं कुणास ठाऊक. "ज्याला कणा नाही, त्याला तुम्ही नाव म्हणता का?"

कणा म्हणजे नावेच्या तळाचं लांब लाकूड. त्यावरच सगळी नाव उभी राहते. कणा नसला तर तो तराफा असेल, खोका असेल, पण नाव नव्हे. हे त्या गावातलं शेंबडं पोरही सांगे.

"उघडा कापडं आणि दाखवा कणा," धाकटा ओरडला. "एका जरी कापडात सापडला, तरी मीच चूड लावतो!"

बोलून गेला खरा. पण चाळीस कापडं त्याने तरी कुठे पाहिली होती? त्याला धड वाचताही येत नव्हतं.

पंच खाली बसले. पहिलं कापड उघडलं. कणा नव्हता. दुसऱ्यात नव्हता, तिसऱ्यातही नव्हता. पाचव्या कापडापाशी मुख्य सुताराचा हात थांबला.

"हे दार आतल्या अंगाला का उघडतंय?"

"इथे लिहिलंय ना," दुसरा पंच पुढे वाकला. "बाहेर वारा नाही. आतलाच वारा दार दाबून धरील."

"अरे, खरंच की!"

मुख्य सुताराने कनवटीची गाठींची दोरी काढली आणि मापं ताडून पाहू लागला. चूक सापडेना. "काय जोड बसवलाय!" तो स्वतःशीच म्हणाला. एकाने चुलीवरून वाद काढला, दुसऱ्याने पाण्याच्या रांजणांवरून. पाचही जण कापडांवर ओणवे होऊन भांडत होते, जणू उद्याच निघायचं होतं. हातातली चूड कधी विझली ते कुणाला कळलं नाही.

धाकट्याला आनंद व्हायला हवा होता. त्याच्या अंगाची लाहीलाही झाली.

"आता वाकलात?" तो म्हणाला. "अकरा वर्षं तो इथेच बसत होता! तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर! असं एकदा विचारलं असतंत ना, दार आतल्या अंगाला का, तर तो आठ दिवस हवेत चालला असता!"

 तक्रार खरी होती.

शेवटचं कापड उरलं. त्यातही कणा नव्हता. पण नावेच्या मधोमध एक लहान खोली होती. चारी भिंतींची मापं होती, खिळे होते, सगळं होतं. फक्त दार नव्हतं.

"ही खोली कशाला?" मुख्य सुताराने विचारलं.

"दार काढायचं विसरला असेल," एक पंच म्हणाला.

"चुलीपासून गुडघे वाचवणारा माणूस दार विसरेल?" मुख्य सुतार त्याच्यावर खेकसला. मग धाकट्याकडे वळला. आता त्याचा आवाज उतरला होता. "तुला सांगितलं असेल ना रे त्याने?"

धाकट्याने त्या चार रेघांवरून बोट फिरवलं.

"तो सांगायला लागला की मला जेवायची घाई असायची," तो म्हणाला, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडला.

नकाशे जाळले नाहीत. गावाच्या मोठ्या छपरीत ते ओळीने टांगले गेले. दरवर्षी नवी मुलं सुतारकाम शिकायला येत, मुख्य सुतार त्यांना कापडामागून कापड समजावून सांगे, आणि दरवर्षी एखादं मूल शेवटच्या कापडावर बोट ठेवून विचारे, "ही खोली कशाला?"

धाकटा तेव्हा हातातलं काम टाकून छपरीच्या तोंडाशी येऊन उभा राही. त्या गावातल्या प्रत्येक नावेची प्रत्येक रेघ ज्याला पाठ होती, तो म्हातारा मुख्य सुतार खाली बघून म्हणे, "ठाऊक नाही. सांगणारा होता, तेव्हा आम्ही हसत होतो."

ते पुरतं ऐकल्याशिवाय धाकटा तिथून हलत नसे.

बोध: माणूस जिवंत आहे तोवर त्याचं काम वाकून पाहा, तो गेल्यावर केलेलं कौतुक त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाही.