ग्राफिक्स कार्ड आणि मोराचं कव्हर

गोष्टीतला भोळा माणूस नेहमी 'एका गावात' राहतो. कुठल्या गावात, ते कुणी सांगत नाही. त्या गावाला लाज वाटत असेल. आम्हाला नाही वाटत. तो आमच्याच गावात राहतो आणि त्याचं नाव गेनू.

गेनू विसराळू नव्हता बरं का. उलट एकदा सांगितलेलं तो मरेपर्यंत विसरायचा नाही. फक्त ते कशाबद्दल सांगितलं होतं, तेवढं राहून जायचं. काहीही सांगा, मान डोलवून म्हणायचा, "एवढंच ना? ठेवतो लक्षात." आणि ठेवायचाही. तीच तर पंचाईत होती.

गेनूची धाकटी बहीण मोनाली. घरात मोनी. पोरगी कॉम्प्युटरवर गेम खेळायची आणि अशी खेळायची की बघणाऱ्याचा चहा गार व्हायचा. रविवारी तिची फायनल मॅच होती. जिंकली, तर पुण्यातली एक टीम तिला पगार देऊन खेळायला ठेवणार होती. तिचे वडील आप्पा. त्यांना हे काही पटत नव्हतं.

आप्पा म्हणाले, "जिंकलीस तर जा पुण्याला, मी अडवणार नाही. हरलीस तर पाहुणे बघायला येतील त्यांना मुकाट्यानं हो म्हणायचं."

आणि पाहुण्यांनाही त्यांनी रविवारीच बोलावलं. आप्पांचा स्वभावच तसा. एका चुलीवर दोन भांडी.

पाहुणे येणार म्हणून हौसाबाईंनी, म्हणजे मोनीच्या आईनं, लोकरीचं एक मोठं कव्हर विणलं. निळ्या रंगाचं. मधोमध मोर. "मुलीनं विणलंय म्हणून सांगायचं," असं बजावून ते त्यांनी माजघरातल्या कॉम्प्युटरच्या पेटीवर घातलं. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, पार जमिनीपर्यंत. "आणि रविवारपर्यंत त्याला कुणी हात लावला तर बघा!" हौसाबाईंनी बघा म्हटलं की घरात कुणी बघत नसे.

दुसऱ्याच दिवशी मोनीनं गेम सुरू केला आणि पडद्यावर हिरवे पट्टे आले. मग पडदा काळा झाला. पुन्हा चालू केलं. पुन्हा पट्टे, पुन्हा काळोख. मोनीला रडूच फुटलं. तालुक्याच्या मुनीरभाईंना फोन लावला. ते कॉम्प्युटर दुरुस्त करतात. म्हणाले, "पडद्यावर चित्रं काढायला आत एक ग्राफिक्स कार्ड असतं. तेच गेलेलं दिसतंय. घेऊन या."

पण मोनीला घराबाहेर पडायची बंदी होती. उन्हानं काळी पडेल म्हणून. मग कोण जाणार? गेनू.

गेनू एसटीनं गेला आणि मुनीरभाईंच्या टेबलावर नुसता पडदा ठेवला.

"पेटी कुठाय?" मुनीरभाई म्हणाले.

"पट्टे तर ह्यात होते."

मुनीरभाईंनी कपाळावर हात मारला. "बाबा रे, पेटी आण. पडद्याला काही झालेलं नाही."

"एवढंच ना? ठेवतो लक्षात."

शुक्रवारी गेनू पेटी घेऊन गेला. कव्हर हौसाबाईंनी घरीच काढून ठेवलं होतं, एसटीत मळेल म्हणून. मुनीरभाईंनी पेटी जोडली, गेम लावला. चाललं! तासभर चाललं. मुनीरभाई बुचकळ्यात पडले. "ह्याला तर काहीच झालेलं नाही. घेऊन जा."

इकडे हौसाबाईंनी सकाळीच गेनूला पढवून ठेवलं होतं, "गेन्या, प्रवासातून कुणी दारात आलं की आधी पायावर पाणी घालायचं. आणि प्रवास बरा झाला का, हे विचारायचं."

गेनूनं पेटी उंबऱ्यात ठेवली. तिला विचारलं, "प्रवास बरा झाला ना?" आणि तांब्या उचलला.

मोनी अशी धावली म्हणता! तांब्या वरच्या वर धरला. "दादा! हिला पाणी लावायचं नाही! कोरड्या ब्रशनं धूळ झाडायची, बास."

"एवढंच ना? ठेवतो लक्षात."

हौसाबाईंनी पेटी जागेवर ठेवून घेतली आणि वर मोर चढवला. मोनीनं गेम लावला. हिरवे पट्टे. काळोख.

शनिवारी सकाळी आप्पा म्हणाले, "गेन्या, म्हैस धू." गेनूनं म्हैस कोरड्या ब्रशनं झाडली. ब्रश आप्पांच्या दाढीचा होता. म्हैस खूश होती, पण आप्पांनी दाढी अर्धवट सोडून गेनूला गोठ्याभोवती पळवलं.

दुपारी मुनीरभाईंचा फोन आला. मोनीनं तो स्पीकरवर लावला होता. गेनू बाजूला बसून ऐकत होता.

"कार्ड सैल बसलं असेल," मुनीरभाई म्हणाले. "उपसून काढ आणि नीट दाबून परत बसव. टक् असा आवाज आला पाहिजे. टक् झालं नाही तर बसलं नाही समज."

मोनीनं कव्हराच्या आत हात घालून तसं केलं. टक् झालं. पण पट्टे आलेच.

"मग गरम होत असेल. वारा लागू दे."

मोनीनं टेबलफॅन आणून पेटीसमोर लावला. कव्हरावरचा मोर तेवढा नाचला. पट्टे होते तिथंच.

मोनीचा चेहरा उतरला. गेनूला तिचं लई वाईट वाटलं. भोळा असला तरी भाऊच तो. "मोने, तू रडू नको. सगळं माझ्या लक्षात आहे," तो म्हणाला. हे ऐकून मोनी आणखीच रडली.

रविवार उजाडला. मोनी माजघरात पडद्यासमोर बसली. तीन डावांची मॅच सुरू झाली, पहिला डाव पट्ट्यांतच गेला. आणि नेमके तेव्हाच दारात पाहुणे आले. मुलगा विक्रांत, त्याची आई आणि मामा. मुलगा कोट घालून आला होता. एवढ्या उन्हात!

गेनू दारात उभाच होता. पाण्याचा तांब्या बाजूला सारून तो खाली बसला आणि दाढीच्या ब्रशनं मामांचे पाय झाडू लागला.

"अहो, हे काय?" मामा एका पायावर नाचत म्हणाले.

"पाणी लावायचं नाही. बिघडाल."

आप्पांनी घाईघाईनं सगळ्यांना आत नेऊन बसवलं. मुलगा प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकला. घामानं डबडबलेला. मान खाली. आप्पांनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. तोंडातून शब्द नाही. लाजरा होता बिचारा.

गेनूनं त्याला सगळीकडून न्याहाळलं. "गरम झालाय," तो म्हणाला. माजघरातून टेबलफॅन आणला, मुलाच्या तोंडासमोर धरला आणि त्याचा कोट काढला. मग शर्टाच्या गुंड्या सोडल्या.

"गेन्या!" हौसाबाई ओरडल्या.

"वारा लागू दे की, आई."

मुलगा तरीही बोलेना. कसा बोलेल? गेनूनं मान हलवली. "सैल बसलाय." त्यानं मुलाला काखेत धरून खुर्चीतून उपसला, वर उचलला आणि दोन्ही खांद्यांवर जोर देऊन परत खाली दाबला.

टक्!

खुर्चीचा पाय मोडला. मुलगा जमिनीवर.

"आता बसला," गेनू समाधानानं म्हणाला.

मुलाची आई किंचाळली. मामा उठून उभे राहिले. मुलगा उघड्या छातीनं फॅनसमोर पडला होता. हौसाबाईंचा जीव शरमेनं अर्धा झाला. "अरे मेल्या, बघतोस काय? अंगावर काहीतरी घाल त्यांच्या!"

गेनूनं इकडंतिकडं पाहिलं. माजघरात शिरला, पेटीवरचं कव्हर ओढलं आणि मुलाला पांघरलं. डोक्यापासून पायापर्यंत. मधोमध मोर.

तेवढ्यात माजघरातून मोनीचा आवाज आला, "चालू झालं! आई, पट्टे गेले!"

पाहुणे तरातरा निघून गेले. त्यांना थांबवायला कुणी उठलं नाही, कारण माजघरात मोनीनं दुसरा डाव मारला होता आणि आप्पा दारातून मान आत घालून तिसरा बघत होते. तिसराही तिनंच मारला. आप्पा आयुष्यात पहिल्यांदा पडद्यापुढं टाळ्या वाजवत होते. शब्दाचे पक्के. "जा पुण्याला," म्हणाले, आणि डोळे पुसले.

मोनीला नंतर समजलं. लोकरीच्या कव्हरात गुदमरून कार्ड तापत होतं, बाकी काही नव्हतं. पण आनंदाच्या भरात हे गेनूला सांगायचं राहिलं.

संध्याकाळी मुनीरभाईंचा फोन आला. तो गेनूनं उचलला.

"कार्ड कसं काय चालू झालं?"

"पोरीला बघायला आलेल्या मुलाला मोराचं कव्हर घातलं. लगेच झालं."

मुनीरभाई म्हणाले, "बरं बाबा. पुन्हा बिघडलं की तसंच करत जा."

"एवढंच ना? ठेवतो लक्षात."

मोनी पुण्याला गेली. रोज खेळू लागली. एका सकाळी तिचा आईला फोन आला, "आई, इथल्या मशीनवर पण पट्टे यायला लागलेत गं. आज दुपारी मॅच आहे."

हौसाबाई काळजीनं देवापाशी गेल्या. गेनू ट्रंकेपाशी गेला. मोराचं कव्हर घडी घालून तिथंच ठेवलं होतं.

त्याच दुपारी शेजारच्या गावात त्या कोटवाल्या विक्रांतचं लग्न होतं. दुसऱ्या मुलीशी. मांडव भरलेला. मंगलाष्टकं रंगात आली होती. गेनू गर्दीतून वाट काढत नवरदेवाच्या मागं गेला आणि त्यानं हळूच कव्हर चढवलं. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडची रीत असेल. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडची असेल. लग्नात कोण कुणाला विचारतो? आतला नवरदेव ओरडत होता म्हणतात, पण भटजींचा आवाज त्याहून मोठा.

"शुभमंगल सावधान!" अक्षता पडल्या. वाजंत्री सुरू झाली. अंतरपाट खाली आला. नवरीनं हार उचलून मान वर केली, तर समोर मोर.

नवरी किंचाळली आणि हार टाकून मांडवाबाहेर पळाली. तिच्या मागं तिचे भाऊ, भावांच्या मागं मामा, मामांच्या मागं भटजी. रिकाम्या मांडवात मोराशेजारी गेनू उभा होता, फोन कानाला लावून.

"मोने," तो म्हणाला, "बघ बरं, चालू झालं का?"