लाल दोरा आणि न कापलेली पानं

फार पूर्वी, पुस्तकांची पानं कडेला जोडलेली येत आणि वाचणाऱ्याला ती चाकूने कापत पुढे जावं लागे, त्या काळी एका पेठेत एका बाईचं पुस्तकांचं दुकान होतं.

त्याच पेठेत एक परीक्षक राहत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दर बाजाराला अण्णा पारावर उभे राहून नव्या पुस्तकांबद्दल बोलत. ते ज्याची स्तुती करत, त्याला बाई लाल दोरा बांधी आणि लोक डोळे झाकून तेच विकत घेत. ज्याला अण्णा नाक मुरडत, ते वर्षअखेरीस भडभुंज्याकडे जाई, फुटाण्यांच्या पुड्या बांधायला.

एकदा एक बारीकसं पुस्तक आलं. शेळ्या राखणाऱ्या एका पोरीची गोष्ट. बाईने ते एका बैठकीत वाचलं आणि पदराने डोळे पुसले. मोठ्या आशेने तिने एक प्रत अण्णांकडे धाडली.

अण्णांनी ती परत केली आणि पारावर सांगितलं, "एवढुसं तर पुस्तक! शेळ्या आणि काटे, दुसरं काय असणार त्यात?"

झालं! पुस्तकाला कुणी हात लावीना. भडभुंज्या पोतं घेऊन दारात हजर.

"बाई, हा गठ्ठा माझाच ना?"

बाईने लाल दोरा हातात घेतला. बांधला तर कोण विचारणार होतं? पण खोटा दोरा एकदा बांधला, की खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही, हे तिला कळत होतं. तिने दोरा खाली ठेवला.

"पोतं रिकामंच ने, दादा. हे पुस्तक मी वाया जाऊ देणार नाही."

ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि मोठ्याने वाचू लागली. येणारेजाणारे थबकले. गोष्टीतली पोर करडू खांद्यावर घेऊन पुरात उतरली आणि बाईने पुस्तक मिटलं.

"अहो, पुढं काय झालं?" एक कुंभारीण ओरडली.

"पुढचं पुस्तकात आहे."

"पण अण्णा तर म्हणाले..."

"अण्णांनी त्यांचं सांगितलं. तुम्हाला काय वाटतं, ते तुम्ही वाचून सांगा."

कुंभारणीने पुस्तक घेतलं. मग तिच्या शेजारणीने. बातमी अण्णांपर्यंत पोचली आणि ते तणतणत आले.

"माझ्या शब्दाला काही किंमत?"

बाईने त्यांचीच परत आलेली प्रत पुढे ठेवली. पहिली चार पानं सोडली तर बाकी सगळी जोडलेलीच होती. अण्णांचा चेहरा उतरला. बाईने फक्त चाकू पुढे केला.

"किंमत आहे, अण्णा. म्हणून तर हा देते."

अण्णा तिथेच पायरीवर बसले. दिवेलागण झाली तरी उठले नाहीत.

पुढच्या बाजारी ते पारावर म्हणाले, "मागच्या खेपेला मी न वाचता बोललो, चुकलो. आता वाचलंय. पुस्तक चांगलं आहे, पण शेवट काही मला पटला नाही."

"वा, शेवटच तर खरा आहे!" कुंभारीण गर्दीतून म्हणाली. पाराभोवती वाद पेटला आणि वादात भाग घेता यावा म्हणून उरलेल्या लोकांनीही पुस्तक नेलं.

त्या दिवसापासून बाईने लाल दोरा पुस्तकाच्या बाहेर बांधणं सोडलं. ती तो आत घालून देई, वाचता वाचता थांबलेलं पान सापडावं म्हणून. भडभुंज्याला मात्र पुड्यांसाठी पळसाची पानं आणावी लागली.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याचं मत ऐकून पुस्तकाच्या दुकानापर्यंत जरूर जावं, पण पानं ज्याची त्यानेच कापावीत.