दहा लाख तीन

"पुन्हा बाकी उरली?" कान्होबुवांनी मान वर न करताच विचारलं.

"उरली." त्रिंबकाने काखेतलं गाठोडं ओसरीवर ठेवलं. "निघतो मी, बुवा. मामांच्या तेलघाण्यावर बसेन. गणित आपलं काम नव्हे."

बुवा शेंगा सोलत होते.

त्रिंबक मठातला सगळ्यांत हुशार शिष्य, आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी त्यालाच कळली होती. बुवांनी दहा लाख तीन ही संख्या दिली, तेव्हा गड्याने उचलली जीभ लावली टाळ्याला. "दिवाळीच्या आत हिचे सारखे भाग पाडून दाखवतो. नाही जमलं तर मठ सोडीन!"

दिवाळी होऊन गेली. धूळपाटीवर भागाकार करकरून बोटांची सालं निघाली, पण संख्या जशीच्या तशी. बाकीचे शिष्य आता तोंडावर हसत. त्याचं त्याला तितकं वाईट वाटत नव्हतं. गणित कायमचं सोडावं लागणार, या विचाराने मात्र त्याला रडू येत होतं.

"सातानं भागलंस?"

"चार उरले. अकरानं चार. तेरानंही चारच! वेडावून दाखवते मला."

"नऊशे सत्त्याण्णवानं?"

"बारा."

"मग थांबलास ना?"

"थांबतोय कशाला! पार पंधराशेपर्यंत गेलो. एकाचाही पुरा भाग जात नाही."

बुवा खुदकन हसले. "हजारापाशी थांबायचं होतंस, वेड्या."

"का?"

"दोन संख्यांचा गुणाकार दहा लाख तीन. दोन्ही हजाराहून मोठ्या असतील?"

त्रिंबकाने अंगणातल्या धुळीत बोटाने आकडे मांडले. हजार एक गुणिले हजार एक... दहा लाख दोन हजार एक. केव्हाच पुढे गेलं.

"नाही. एक तरी हजाराच्या आतली हवी."

"आत सापडली?"

"एक आकडा सोडला नाही, बुवा. एकही नाही सापडली."

"मग?"

त्रिंबकाचं बोट धुळीतल्या आकड्यांवर थबकलं.

बुवांनी आणखी दोन शेंगा सोलल्या.

"म्हणजे... हिचे भाग पडतच नाहीत? कुणालाच पाडता येणार नाहीत? कधीच?"

त्रिंबकाच्या अंगावर सरसरून काटा आला. इतका आनंद त्याला कुठल्याही बरोबर आलेल्या उत्तराने दिला नव्हता.

मग त्याला आपली प्रतिज्ञा आठवली, आणि चेहरा उतरला.

"पण बुवा, मी तर हरलोच."

"हरलास."

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्रिंबकाचा दंड धरून त्यांनी त्याला आपल्या आसनावर बसवलं, आणि सगळ्या शिष्यांना हाक मारली. सगळे येऊन समोर बसले. कुणी हसेना.

त्रिंबकाने बुवांकडे वळून पाहिलं. "यांना... काय सांगू?"

"तुला जमलं नाही, हे सांग," बुवा म्हणाले. "मग का जमलं नाही, ते शिकव."