सुकरूची बोडी

ही गोष्ट आपल्यापैकी कुणी पाहिलेली नाही. ज्यांनी पाहिली त्यांच्या नातवंडांची नातवंडंही आता काठी टेकत चालतात. वैनगंगेच्या पल्याड मोहाच्या दाट रानात कोसमटोला नावाचं गाव आहे. त्या गावात फार फार मागं दुरपता नावाची सुईण राहत होती.

अख्खं गाव दुरपतेच्या हातावर जन्माला आलं होतं. पाटलांची लेकरं तिच्या हातची अन् मासे धरणाऱ्या ढिवरांचीही तिच्याच हातची. तिच्या लांबसडक बोटांना डोळे होते, असं म्हणतात. बाईच्या पोटावर हात ठेवला की आत मूल आडवं आहे की उभं, हे ती सांगायची. कधी चुकली नाही.

पण जिनं गावाची लेकरं ओंजळीत झेलली, तिला स्वतःला एकच पोरगा झाला. त्याचं नाव सुकरू. सुकरू सात वर्षांचा होता तेव्हा उन्हाळा असा पडला की विहिरींचे तळ दिसले. बायकापोरं कोसभर चालून नदीचं पाणी आणायची. एका दुपारी सुकरू गडवा घेऊन एकटाच नदीकडं निघाला आणि वाटेत त्याला ऊन लागलं. गुराख्यांनी त्याला उचलून आणलं तोवर सगळं संपलं होतं.

दुरपतेचा नवरा फागो जातीचा कोहळी. तळी बांधावीत तर कोहळ्यांनी, अशी त्या मुलखात म्हण होती. फागोनं पोराचं दिवसकार्य उरकलं आणि कुदळ उचलली. गावाला अगदी लागून, घरांच्या पाठीशी, त्यानं बोडी खोदायला घेतली. बोडी म्हणजे लहानसं तळं. दोन हिवाळे नवराबायको खपले. तो खोदायचा, ती माती वाहायची. पुढच्या पावसात बोडी काठोकाठ भरली. पाटील स्वतः आले, नारळ फोडला आणि म्हणाले, "आता या गावचं लेकरू पाण्यासाठी मरणार नाही." तेव्हापासून तिला सुकरूची बोडी म्हणू लागले. दुरपता रोज सकाळी पाळीवर, बोडीच्या बांधावर, जाऊन बसे आणि पाण्याशी बोले. काय बोले, ते कुणी विचारलं नाही.

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी आश्विनात गावात हिवताप शिरला.

भर दुपारच्या उन्हात पोरं कुडकुडायला लागली. चार गोधड्या टाकल्या तरी दातावर दात वाजायचे. मग अंग तव्यासारखं तापायचं, मग घाम सुटायचा आणि ताप उतरायचा. दुसऱ्या दिवशी तेच पोर उठून आंबील मागायचं, अंगणात खेळायचं. आई म्हणायची, सुटलं बाई एकदाचं. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हीव भरायचं. भुमकानं, गावच्या पुजाऱ्यानं, देवाला कोंबडे दिले, वेशीवर लिंबं बांधली. एका महिन्यात अकरा लेकरं गेली. अकरा! एवढ्याशा गावात. लोकांची रडायचीही शुद्ध गेली होती. बाया दारात नुसत्या बसून असत, चूल थंड, डोळे कोरडे.

सहावी गेली ती पाटलांची नात, चार वर्षांची. तिला शेवटची अंघोळ घालायला दुरपतेला बोलावलं. दुरपता पाणी ओतत होती, अंगावरून हात फिरवत होती. डाव्या फासळीखाली तिचा हात गेला आणि तिथंच थिजला. पोटात दगड लागला. तिनं हात झटक्यानं मागं घेतला, पुन्हा ठेवला. दगडच. ती पानथरी होती, म्हणजे प्लीहा, तापानं फुगून फासळीच्या चार बोटं खाली उतरलेली. एवढ्याशा पोटात एवढी मोठी पानथरी दुरपतेनं जन्मात पाहिली नव्हती.

त्या दिवसापासून ती घरोघर फिरायला लागली. म्हणायची, "लेकराला उताणं निजवा." मग डोळे मिटून डाव्या अंगाला बोटं दाबायची. जिथं पानथरी लागे, त्या घराच्या दारावर ती गेरूचा टिळा ओढायची. एक लेकरू, एक टिळा. लोक चिडले. कुणी म्हणालं, ही दारावर मरण लिहून चाललीये. एकही घर तिनं सोडलं नाही.

फिरत फिरत ती डोंगरू ढिवराच्या घरी आली. त्याचं घर बोडीच्या सगळ्यांत जवळ, अगदी पाळीला टेकलेलं. आजूबाजूच्या प्रत्येक दारावर तीन-तीन टिळे होते. डोंगरूची चारही पोरं तिनं तपासली आणि चकित झाली. चौघांचीही पोटं चांगली.

"सकवार," ती डोंगरूच्या बायकोला म्हणाली, "यांना ताप नाही आला?"

"नाही जी माय."

"कोणती मुळी देतेस? गंडा बांधला का?"

"कुठचा गंडा जी! डास झोपू देत नाहीत म्हणून यांनी झिंग्याचं बारीक जाळं दुहेरी करून खाटेवर टांगलंय. पोट्टे त्यातच निजतात. बाकी काहीच नाही."

दुरपतेनं ते जाळं हातात घेऊन पाहिलं. ती परत निघाली. पाय सवयीनं पाळीवर चढले. नेहमी ती पाण्याकडं तोंड करून बसायची. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, तिनं वळून गावाकडं पाहिलं.

पाळीवरून सगळी दारं दिसत होती. बोडीला लागून असलेली दारं गेरूनं लाल होती. जरा पलीकडच्या दारांवर एकेक टिळा होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला, मारुतीपाशी, दारं कोरीच्या कोरी. बोडीभोवती लाल कडं पडलं होतं आणि ते कडं तिनं स्वतःच्या हातानं काढलं होतं.

ती तिथंच मातीत बसली. बऱ्याच वेळानं तिनं खाली वाकून ओंजळीत पाणी घेतलं. पाण्यात सुताच्या तुकड्यांएवढे बारीक किडे आडवे तरंगत होते, आणि सावली पडताच वळवळत खाली जात होते. रोज त्या पाण्याशी बोलणाऱ्या बाईनं ते कधी पाहिले नव्हते.

तिनं एक मडकं भरून घरी आणलं आणि तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. नवऱ्याला काही सांगितलं नाही. देवाला एवढंच म्हणाली की माझं खोटं निघू दे. पाचव्या दिवशी सकाळी ती सारवत होती, तर मडक्यातून बारीक गुणगुण ऐकू आली. तिनं कान लावला. मग फडक्याचा एक कोपरा उचलला. आतल्या बाजूनं डासच डास बसले होते, डोकी खाली, बुडं वर. पाण्यात एकही किडा उरला नव्हता.

ती ओरडली, असं म्हणतात, आणि ती आरोळी नदीच्या पैलतीरावर ऐकू गेली.

फागो धावत आला. दुरपतेनं त्याला सारं सांगितलं: दगडासारख्या पानथऱ्या, टिळे, ढिवराचं जाळं. "हे डास एकाच्या अंगातला ताप दुसऱ्याच्या दारी नेतात," ती म्हणाली, "आणि पैदा होतात ते आपल्या बोडीत. सुकरूचे बाबा, आपण पोरासाठी पाणी नाही बांधलं. आपण गावाची लेकरं मारली."

फागो तसाच अंगणातून बाहेर, रानाकडं निघून गेला.

चावडीवर गाव जमलं. दुरपता मडकं घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बोडी फोडा."

एकच गलका उठला. पाटील म्हणाले, "दुरपताबाई, पोराच्या दुःखानं तुमचं डोकं फिरलं. पाण्यानं लेकरं जगतात, मरत नाहीत. अन् खाली लोंबीला आलेलं धान आहे, त्याचं काय?" एक जण म्हणाला, "जाळी टांगू की सगळे!" दुरपता म्हणाली, "गावात साठ लेकरं अन् जाळं एक. आज टांगाल, उद्या फाटेल. पाण्याचं काय करता?" कुणी हलेना. ज्या बाईला गाव माय म्हणायचं, तिच्याकडं पाठ करून माणसं घरी निघाली.

तेव्हा ती एकटीच कुदळ घेऊन पाळीवर गेली. दिवस डोक्यावर आला होता. तिनं घाव घातला, पण पाळ कोहळ्यानं बांधलेली. मूठभर मातीही निघाली नाही. दुसरा घातला, तिसरा घातला. हाताला फोड आले. लोक लांबून बघत होते. इतक्यात रानाकडून फागो आला, तडक पाळीवर चढला आणि त्यानं तिच्या हातातली कुदळ हिसकली. बघणाऱ्यांना वाटलं, आता हा बायकोला मारतो.

"सुकरूचे माय," तो म्हणाला, "तुझ्यानं नाही होणार. मी बांधली. तिची नस कुठं आहे ते मलाच ठाऊक."

आणि त्यानं तीन घावांत बोडी फोडली.

म्हणतात की त्या एवढ्याशा तळ्यातून सात दिवस पाणी वाहत होतं. म्हणतात की गवतातून डासांचा खांबच्या खांब उठला आणि घटकाभर सूर्य झाकोळला. पाटलांनी डोक्याचं पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. खालचं धान आडवं झालं आणि नवराबायको चिखलात एकमेकांना धरून बसले. पोटचं पोर दुसऱ्यांदा गेलं होतं.

ताप लगेच गेला नाही, हेही सांगायला हवं. आणखी दोन लेकरं दगावली, आणि पाणीही गेलं नि पोरंही गेली म्हणून लोकांनी दुरपतेला शिव्या दिल्या. तिनं त्या ऐकून घेतल्या आणि रोज घरोघर बोटं दाबत राहिली. पुढच्या आश्विनात पानथऱ्या दोन बोटांवर आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं सगळ्या दारांवरचा गेरू ओल्या हातानं पुसला. फागोनं गावापासून हाकेच्या पार दुसरी बोडी बांधली, आणि डोंगरूनं तिच्यात किडे खाणारे बारीक मासे आणून सोडले.

पुढं दुरपता गावोगाव फिरली. चाळीस गावांची पोटं तिनं तपासली म्हणतात. ती कुठं मेली ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून प्रत्येक गाव सांगतं की ती आमच्याकडं मेली.

कोसमटोल्यात आजही आश्विन लागला की एक दिवस शेतावर कुणी जात नाही. सकाळी घरोघरची मडकी, रांजण, हौद, टायर, सगळं उपडं करतात. मग लेकरांना शाळेच्या पटांगणात ओळीनं उताणं निजवतात. उपकेंद्राची नर्स रक्त तपासायच्या काचपट्ट्या आणि सुया घेऊन एका बाजूला बसते, पण पहिला हात गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा. ती दुरपतेचं नाव घेते, डोळे मिटते आणि डाव्या फासळीखाली बोटं दाबते. काही लागलं तर ते लेकरू त्याच पावली नर्सकडं जातं. ते कुणाचं, हे कुणी विचारत नाही. काही लागलं नाही तर म्हातारी एकच शब्द बोलते, "मऊ." त्या शब्दापर्यंत पटांगणात पानही हलत नाही, आणि लेकराच्या उशाशी उभी असलेली आई श्वास घेत नाही.